शोषखड्ड्याआधी जमिनीच्या पोटातली जागा मोजा

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये पावसाचे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यांची कामे निघतात. खड्डा बहुतेक ठिकाणी एकाच मापाचा : २ मीटर लांब, २ मीटर रुंद, २ मीटर खोल, तळाला दगड, मध्ये खडी, वर रेती. घोडबंदर रोडला येऊरच्या पायथ्याशी तोच आणि खाडीलगतच्या भरावावरही तोच. पण खड्डा किती पाणी पिणार हे खालचे थर ठरवतात आणि त्याचे गणित आधी मांडता येते. सोसायटीपुरते बोलायचे तर त्याला मोठे सॉफ्टवेअरही लागत नाही. साधी एक्सेल शीट पुरते, फक्त तिच्यात भरायचे आकडे त्याच जागेवर मोजलेले हवेत.

सुरुवात थरांपासून करावी. आपल्याकडे खाली बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. वरून खाली जाताना भराव, माती, मुरूम, पक्का मुरूम, मग मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा बेसाल्ट) किंवा काळा पाषाण लागतो. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कुठे तांबडा गेरू, म्हणजे घट्ट लाल मातीचा पातळ थरही लागतो. पाणी मुरमात आणि भेगांत राहते, अखंड पाषाणात जवळजवळ नाहीच. म्हणून बोअर मारताना दर मीटरला निघणारा चुरा वेगळ्या पिशवीत भरून त्यावर खोली लिहून ठेवावी. एरवी हा चुरा राडारोड्यात जातो आणि पुन्हा मिळणार नाही अशी माहिती त्याच्यासोबत जाते.

पुढचा प्रश्न जागेचा, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. झिजलेल्या बेसाल्टातून निथळून हाती येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के धरतात. म्हणजे भूजलपातळी १ मीटर चढायला अवघे २० मिलिमीटर पाणी पुरते. समजा भूखंड २००० चौरस मीटर आहे आणि मेअखेरीस पातळीच्या वर मुरमाची ५ मीटर जाडी रिकामी आहे. तिच्यात मावणार २ लाख लिटर. ठाण्यात वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. ६०० चौरस मीटरच्या गच्चीवरून, ८० टक्के हाती लागला असे धरले, तर १२ लाख लिटर उतरते. शिवाय मोकळ्या जमिनीवर पडणारा पाऊस त्याच जागेवर हक्क सांगतो. बाजूने झिरपून जाणारे पाणी वजा केले तरी हे भांडे भर पावसाळ्यातच काठोकाठ भरते, आणि त्यानंतर आणखी दहा खड्डे खोदले तरी पाणी गटारातच जाणार. मुरूम उथळ असेल तिथे पैसा टाकीवर खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुरण्याचा वेगही मोजावा लागतो. खड्ड्याच्या नियोजित तळाशी ३० सेंटिमीटर व्यासाचे भोक घ्यावे, रात्रभर पाणी भरून ठेवावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून दर अर्ध्या तासाला पातळी किती उतरली ते लिहावे. सलग तीन नोंदी सारख्या आल्या की तो आकडा घ्यावा. भिजवण्याची पायरी गाळू नये. मे महिन्यात तडकलेली चिकणमाती पहिले पाणी घटाघटा पिते, मग फुगून भेगा मिटवते. वेग ताशी ५० मिलिमीटर आला, तर २ बाय २ च्या तळातून तासाला २०० लिटर मुरते. बाजूच्या भिंती धरल्या तरी सुमारे १००० लिटर. त्याच गच्चीवरून ३० मिलिमीटरच्या तासाभराच्या सरीत १४,४०० लिटर येते. खडीच्या पोकळीत मावते ३,२०० लिटर. म्हणजे खड्डा पाव तासाच्या आत भरला. आधी साठवण टाकी आणि गाळ बसायला कुंडी नसेल, तर हा खड्डा नावापुरताच.

थरांची सरासरी काढण्याचा मोह मात्र आवरावा. ४ मीटर मुरमातून पाणी दिवसाला १ मीटर उतरते आणि खाली २० सेंटिमीटर गेरूतून १ मिलिमीटर, असे धरा. सरळ सरासरी सांगेल ९५ सेंटिमीटर. प्रत्यक्षात उभ्या वाटेवर सर्वांत घट्ट थर हुकूम चालवतो : ४.२ भागिले २०४, म्हणजे दिवसाला जेमतेम २ सेंटिमीटर. वीतभर गेरूने एवढा फरक पडतो.

अडलेले पाणी मग आडवे निघते. पारसिक किंवा येऊरच्या उतारावर डोंगर तासून बांधलेल्या इमारतींमागे ते संरक्षक भिंतीशी येऊन थांबते. भिंतीमागे ३ मीटर पाणी चढले, तर दर मीटर लांबीला साडेचार टनांचा आडवा रेटा केवळ पाण्याचा, मातीचा वेगळा. निचऱ्याची भोके सिमेंटने किंवा मुळांनी बुजली असतील तर तो सगळा भिंतीवर बसतो. अशा कापाच्या वरच्या अंगाला शोषखड्डा घेऊच नये. नियमात बसवायचा म्हणूनही नाही.

वाशी-कोपरखैरणेकडच्या खाजणावरच्या भरावाखाली खाडीची चिकणमाती असते आणि खारे पाणी हाताशीच. तिथे मुरवलेले गोडे पाणी परत हाती येईल याचा भरवसा धरू नये; टाकीच बरी.

बोअर असेल तर पाण्याची विद्युतवाहकता (विरघळलेले क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) छोट्या मीटरने दर महिन्याला नोंदवावी. पाणी माती-मुरमातून सावकाश उतरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून किंचित आम्लधर्मी होते, खडकातले कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडवून घेते आणि वाहकता वाढते. जोरदार सरीनंतर काही तासांतच ती एकदम घसरली, तर गच्चीचे किंवा रस्त्याचे पाणी न गाळता केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपच्या, फटीतून सरळ आत शिरते आहे. ती फट आधी बुजवावी. उलट उन्हाळ्यात उपसा वाढताच वाहकता चढत गेली, तर खाडीलगतच्या भागात खारे पाणी ओढले जात असल्याची शंका घ्यावी आणि उपसा लगेच कमी करावा.

पालिकेकडे आमची मागणी एकच आहे. टॉवरच्या पायासाठी माती-खडक तपासणीचे बोअर घेतले जातात. त्यांच्या थरनोंदी नकाशावर चढवून नागरिकांना पाहायला द्याव्यात, आणि शोषखड्ड्याच्या मंजुरीसोबत त्या जागेची थरनोंद, भिजवून केलेली मुरण्याची चाचणी आणि मेअखेरची पाणीपातळी जोडणे सक्तीचे करावे.

– भूजल व मृदाशास्त्राचे काही अभ्यासक, ठाणे (पश्चिम)