उकळी आणली म्हणजे झालं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला अन्नविषबाधेवरचा लेख वाचला आणि रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून हे पत्र. चौथ्या मुद्द्यात लेखकमहाशय लिहितात की, उरलेलं अन्न खळखळून गरम केलं की जंतू आणि त्यांचं विष दोन्ही जातात, मग ते ‘निर्धास्त’ खावं. हा ‘निर्धास्त’ शब्द गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी येऊन उच्चारायला हवा होता. बादली धरायला एक माणूस कमीच पडत होता.

झालं असं की पाहुणे आले होते, अंदाज चुकला आणि मोठं पातेलंभर भात उरला. फ्रीजमध्ये जागा नव्हती. शिवाय गरम भांडं फ्रीजमध्ये ठेवलं की फ्रीज बिघडतो, ही माझी तीस वर्षांची ठाम समजूत. म्हणून झाकण घालून पातेलं ओट्यावरच ठेवलं आणि आम्ही झोपलो. सकाळी मी रीतसर वास घेतला, दोन शितं बोटांत चिमटून पाहिली. आंबूस वास नाही, तार नाही, काही नाही. तरी खबरदारी म्हणून चांगली दणदणीत वाफ येईपर्यंत गरम केला. म्हणजे तुमच्या लेखात सांगितलंय तेच, फक्त लेख यायच्या आधी.

दहाच्या सुमाराला चौघांनी खाल्ला. साडेबाराला नातू म्हणाला, “आजी, कसंतरी होतंय,” आणि मोरीपर्यंत पोचायच्या आधीच त्याला भडभडून उलटी झाली. पाठोपाठ मुलगा, मग मी, शेवटी सून. मोरी एक आणि माणसं चार. यजमानांनी त्या दिवशी भाताला हात लावला नव्हता. ते बादल्या धुताधुता कोणी किती वाढून घेतलं होतं याचा हिशेब मांडत बसले होते. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

डॉक्टरांनी एकच विचारलं, “भात रात्रभर बाहेर होता का?” मग समजावून सांगितलं. बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे चिवट कवचात झोपलेले जंतू, भात शिजतानाही मरत नाहीत. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. उलट्या करवणारं हे विष १२० अंशांच्या उष्णतेलाही दाद देत नाही. खळखळून उकळलं तरी पाणी १०० अंशांपर्यंतच जातं, हे शाळेत शिकलेलं लेखकमहाशयांना आठवत असेलच. सकाळच्या वाफेत जंतू मेले असतील, पण त्यांनी रात्रभर जे करायचं ते करून ठेवलं होतं. खाल्ल्यापासून तासाभरात ते सहा तासांत उलट्या सुरू होतात, आमच्या अडीच तासांत झाल्या. हाताच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूचं विषही असंच चिवट. काही जंतूंचं विष उकळल्यानं जातं हे मान्य, पण पातेल्यात कोणतं बसलंय ते ओट्याशी उभं राहून कळत नाही. वासावरून तर नाहीच नाही.

तेव्हा लिहायचं होतं ते हे की, ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पसरट भांड्यात पातळ थर करा म्हणजे लवकर निवतं, आणि पार गार व्हायची वाट न पाहता फ्रीजमध्ये सरकवा. राहिलं बाहेर रात्रभर, तर टाका. जीव हळहळतो, मला माहीत आहे. मी अजूनही टाकताना तोंड फिरवते.

लेख अगदीच टाकाऊ आहे असं नाही. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळा ठेवा, कोंबडी नळाखाली धुऊ नका, शिंतोडे उडतात, हे छापलंत ते बरं केलंत.

पण जुलाब थांबवणारी गोळी घरात ‘सर्वांसाठी’ ठेवायचा सल्ला कशासाठी? आमच्या चिरंजीवांनी नातवासाठी तीच आणली होती, डॉक्टरांनी हातातून काढून घेतली. लहान मुलांना ती द्यायची नसते. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर मोठ्यांनीही स्वतःच्या मनानं घ्यायची नाही. खरं औषध जलसंजीवनी, त्यावर तुमची दीड ओळ. आम्ही घाईत अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं होतं, तेही चूक. लिटरचं पाकीट असेल तर अख्खं पाकीट आणि लिटरभरच पाणी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चहाचा चमचा. चमचे सपाट, शीग लावून नव्हेत. मीठ जास्त झालं तर मुलाला उलट अपाय होतो. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्या-चमच्यानं पाजायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचं.

आणि कहर म्हणजे शेवटची चौकट. ‘पुढील लक्षणं दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे :’ इथे चौकट संपते आणि सोफ्याची जाहिरात सुरू होते. सोफा छान आहे. पण शौचात रक्त, जोराचा ताप, पोटात पाणीही न ठरणं, सहा-आठ तास लघवी न होणं, डोळे खोल जाणं, मूल मलूल पडणं, एकाचे दोन दिसणं किंवा बोलताना जीभ जड होणं, एवढं त्या सोफ्याच्या एका उशीवर मावलं असतं. तान्ही बाळं, गरोदर बायका आणि आमच्यासारखे म्हातारे यांच्या बाबतीत तर इतकीही वाट पाहू नये.

दुरुस्ती छापणार असाल तर त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच अक्षरांत छापावी. मागची दुरुस्ती भिंग घेऊन शोधावी लागली होती.

कळावे,
आपली एक जुनी वर्गणीदार

ता. क. : रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं सलग दुसऱ्या आठवड्यात आलेली नाहीत. आडवा १४ अजून अडलेला आहे.