तेजीचा पाय

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडवेली होतेस आणि मग मलाही धड काही सांगता येत नाही. म्हणून लिहूनच पाठवते. आपली घोडी तेजी बरी होते आहे. पण दसऱ्याला तिच्यावर बसायचं मात्र डोक्यातून काढून टाक.

जखम बघितली असतीस तर तुला ती काहीच वाटली नसती. मागच्या डाव्या पायाला, खुराच्या वरच्या सांध्यामागे, हरभऱ्याच्या दाण्याएवढं भोक. बाभळीचा काटा. रक्तही फारसं नाही. काका खरारा करत होते, पाय हाताला गरम लागला म्हणून कळलं. संध्याकाळपर्यंत तर ती पाय टेकवेना, खुराचं नुसतं टोक जमिनीला लावून उभी. एवढ्याशा भोकाला एवढं लंगडणं मला बरं दिसलं नाही. रात्रीच डॉक्टरांना बोलावलं, महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आहेत ते.

त्यांनी सांगितलं ते तूही लक्षात ठेव. घोड्याच्या पायाला गुडघ्याखाली मांस असं नसतंच. कातडी, तिच्याखाली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, आणि लगेच सांधा. काटा बोटाच्या पेराएवढा आत गेला तरी कंडरेभोवतीच्या आवरणात नाहीतर सांध्यात पोचतो. तिथे जंतू शिरले की एकदोन दिवसांत सगळं बिघडतं, घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. भोकातून पिवळसर, बोटाला तार धरणारं पाणी येतंय का ते त्यांनी आधी पाहिलं. ते येत नव्हतं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मग केस भादरून सोनोग्राफी केली, कारण लाकूड एक्स-रेत सहसा दिसत नाही. काट्याचं मोडकं टोक आत होतं. गुंगीचं इंजेक्शन देऊन ते काढलं आणि भोक मुद्दाम मोठं करून तसंच ठेवलं, टाका घातला नाही. अशा जखमेचं तोंड आधी मिटतं आणि पू आत कोंडतो. ती आतूनच भरत यायला हवी.

आता रोज सकाळी आधी ताप बघते. ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइटपर्यंत ठीक, त्यावर गेला की डॉक्टरांना फोन. मग लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून जखम धुते. हायड्रोजन पेरॉक्साइडला त्यांनी साफ मनाई केली आहे, नवी पेशी जळते म्हणे. वर जाड कापूस आणि पट्टी, सगळीकडे सारखी ताणलेली. एका जागी आवळली तर कंडरेला इजा होते. उजव्या पायालाही पट्टी बांधतो, कारण सगळा भार बिचारा तोच पेलतोय. पट्टी सोडताना ती मान वळवून माझ्या खांद्याला नाक लावते आणि पाय अगदी स्थिर धरते. काकांना मात्र लाथ दाखवते.

चंदी जवळजवळ बंद आहे, नुसतं गवत. उभ्या जनावराला दाणा बाधतो. ती रागावून बादली आपटते, आपटू दे.

शेजारून रोज कोणी ना कोणी हळद-चुना सांगतं, एकाने तर जळकं ऑइल आणून दिलं. सगळी आपुलकीच आहे, पण मी काहीही लावू देत नाही. माश्या तेवढ्या फार आहेत, म्हणून तबेला दिवसातून दोनदा झाडून घेतो.

पुढे एक धोका आहे. पायाच्या खालच्या भागात लाल मांस कातडीच्या वर वाढतं, मग कातडी त्यावरून सरकतच नाही. तसं झालं तर डॉक्टर ते कापतील. त्या मांसाला संवेदना नसते, तिला दुखणार नाही. तू घाबरू नकोस.

दसऱ्याला ये. झेंडूची माळ घालू, पूजा करू, आणि डॉक्टर हो म्हणाले तर फाटकापर्यंत तू हाताने चालव तिला.

एक काम कर. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. तेजीची लसीची वही मला सापडली नाही, म्हणून डॉक्टरांनी लस आणि सीरम दोन्ही दिलं, पुढचा डोस चार आठवड्यांनी. वही तुझ्याकडे असेल तर मागच्या लसीच्या पानाचा फोटो आजच पाठव, त्यांना दाखवायचा आहे. जेवण वेळेवर करत जा.

तुझी आई
इंदूर