डॉक भंगारात टाकायच्या आधी मागे बघा

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारी आमच्या सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी आली होती, मी आपला जळका मिक्सर आणि वायरींचं गाठोडं घेऊन खाली गेलो तर त्या ढिगात आयपॉडचा, म्हणजे ॲपलच्या खिशातल्या गाण्यांच्या प्लेअरचा, पोर्टेबल स्पीकर डॉक पडलेला, रिमोटसकट. शेजारच्या विंगमधले काका म्हणाले, अहो मुलाने अमेरिकेहून आणलेला, आता त्यावर बसणारा आयपॉडच नाही तर ठेवून काय करू? त्यांना विचारून मी तो उचलून घरी आणला आणि बायकोची बोलणी खाल्ली, की एक भंगार देऊन दुसरं घेऊन आलात.

नवीन पोरांना हा प्रकार माहीतच नसेल. डब्याएवढा स्पीकर, मधे खाच, खाचेत ३० पिनांचा कनेक्टर, त्यावर आयपॉड उभा खोचला की गाणी सुरू आणि चार्जिंगपण तिथेच. ही ३० पिनांची भानगड २००३ च्या आयपॉडपासून आली, मग २०१२ ला आयफोन ५ बरोबर बारकी लायटनिंग पिन आली आणि तोवरचे सगळे डॉक एका फटक्यात पोरके झाले, २०२२ ला तर आयपॉडच बंद झाला. त्याआधीपण गंमत होतीच, २००८ चा आयफोन ३जी काही जुन्या डॉकवर वाजायचा पण चार्ज व्हायचा नाही, कारण ते डॉक फायरवायरचे (यूएसबीसारखीच एक जुनी जोडणी) १२ व्होल्ट द्यायचे आणि फोनला पाहिजे यूएसबीचे ५.

पण मुद्दा वेगळाच आहे. बऱ्याच डॉकच्या मागे ३.५ एमएमचा ऑक्स, म्हणजे वायरने दुसऱ्या यंत्राचा आवाज आत घ्यायचं भोक असतं, त्याच्याकडे कुणी बघतच नाही! मी आणलेल्याला पण आहे. अडॅप्टर गायब होता, म्हणून खालचं झाकण उघडलं तर ४ पेन्सिल सेल फुटून स्प्रिंगवर पांढरी पावडर साचलेली, कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावून पुसली, जागा सुकू दिली, नवे सेल घातले आणि ऑक्सची वायर फोनला लावली. फोनला हेडफोनचं भोक नाही म्हणून टाइप-सीचं छोटं कन्व्हर्टर घ्यावं लागलं तेवढंच. वाजला की हो! आवाज असा मोकळा, की बोलणी घालणारी बायकोच म्हणाली थोडा वाढवा. ज्यांना वायर नको त्यांच्यासाठी ३० पिनवर बसणारे ब्लूटूथ रिसीव्हर ऑनलाइन मिळतात. फक्त अडॅप्टर दुसरा लावणार असाल तर व्होल्ट आणि प्लस-मायनस आधी बघून घ्या, नाहीतर खरंच भंगार होईल.

उलट हल्लीचे कितीतरी ब्लूटूथ स्पीकर बघा, ऑक्स काढून टाकलाय आणि बॅटरी आत अशी बसवलेली की ती गेली की बदलायची कशी हे दुकानदाराला पण सांगता येत नाही. ह्या म्हाताऱ्याला कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडचे सेल चालतात.

म्हणून ई-कचरा गोळा करणाऱ्या मंडळींना एक विनंती, चालू वस्तूंसाठी गाडीत एक वेगळा खोका ठेवा आणि ज्याला पाहिजे त्याला नेऊ द्या, सगळंच तोडायला पाठवायची काय गरज आहे?

आता पंचाईत अशी झालीय की काकांनी काल जिन्यातून आवाज ऐकला आणि डॉक परत मागतायत, सेलचे पैसे देतो म्हणे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

आपला,
एक वाचक, पुणे