सड्यावरच्या तात्यांना, आणि बांधून ठेवलेल्या खंड्याला

तात्या, नमस्कार.

हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल. तिला बजावलंय, कंटाळा आला तरी मधलं गाळायचं नाही.

परवा माझा प्रबंध बाइंडिंग होऊन हातात आला. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, बघायला एकदम झकास. मी पहिल्यांदा उघडलं ते आभाराचं पान. मी लिहून दिलं होतं तसं ते नाही. माझ्या कागदावर तिसऱ्याच ओळीत तुम्ही होता, नावानिशी. तपासून परत आला तेव्हा त्या ओळीवर लाल पेनाची तिरकी रेघ होती आणि शेजारी शेरा, 'गरज नाही'. आमच्याकडे आभाराचा मसुदा ठरलेला असतो. आधी प्राचार्य, मग विभागप्रमुख, मग मार्गदर्शक, ग्रंथालय, प्रयोगशाळा, आईवडील आणि सगळ्यात शेवटी 'प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत करणारे सर्वजण'. ज्यांनी सड्यावर, म्हणजे तुमच्या त्या उघड्या खडकाळ पठारावर, पाऊल ठेवलं नाही ते सगळे प्रत्यक्ष झाले, आणि तुम्ही गेलात अप्रत्यक्षात.

तेव्हापासून ती लाल रेघ डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव मी इथेही लिहीत नाही, कारण तुम्हीच म्हणाला होता, "नाव नगं, कंपनीवाले म्हनतील ह्याचं ड्युटीवर ध्यान न्हाय." पण चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची राखण करणारा एक माणूस साताऱ्याच्या एका मुलीच्या एम.एस्सी.ला कसा पुरून उरला, एवढं तरी चार लोकांना कळू दे.

आधी जरा मागचं सांगते. शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो. मी 'सरडे' म्हणाले तेव्हा समोरून पहिला सल्ला मिळाला तो असा, की मागच्या बॅचचा पाण्याच्या नमुन्यांचा प्रकल्प आहे, तोच घे, गावाचं नाव बदल, आकडे थोडे इकडेतिकडे कर. हे दबक्या आवाजात, कानात वगैरे नाही हं, सगळ्यांसमोर, चहा पिता पिता. मी ऐकेना म्हटल्यावर दुसरा प्रश्न आला, "सरडे मोजून कुणाचं भलं झालंय?" वर्षभर आम्हाला परिसंस्था, अन्नसाखळी, निरीक्षणाच्या पद्धती असं सगळं ह्याच लोकांनी शिकवलं. परीक्षेत त्यावर सोळा-सोळा मार्कांची उत्तरं लिहून घेतली. आणि प्रत्यक्ष बाहेर जाऊन एक प्राणी बघायचा म्हटलं की ऊन आणि मुलीची जात, असं सगळं एकदम आठवलं. परवानग्या आणि कागदांची कथा मी इथे सांगत बसत नाही. ती ऐकून तुमचा चहा गार होईल.

तर एप्रिलमध्ये मी एकटीच आले. सकाळची एसटी सज्जनगडाचा फाटा मागे टाकून ठोसेघरच्या चढाला लागली की पोटात गोळा यायचा. वर पोचल्यावर तर बघायलाच नको. जांभ्याचा उघडा सडा, सावली म्हणून नाही आणि वारा असा की वही धरू की ओढणी. पहिल्याच दिवशी तुम्ही केबिनमधून ओरडलात, "खंड्या, हिकडं!" आणि मी आभाळात बघितलं. आमच्या वर्गात खंड्या म्हणजे मासे मारणारा पक्षी हो! पाणी नाही, ओढा नाही, इथे खंड्या कुठला, म्हणून मी दुर्बीण काढतेय, तोवर तुमचं तांबडं कुत्रं येऊन माझी पिशवी हुंगून गेलं.

तुम्ही विचारलंत, काय बघता? मी सांगितलं, सरडा. आणि लगेच जरा भाव खात हेही सांगितलं, की हा साधासुधा सरडा नाही. २०१६ साली शास्त्रज्ञांनी ह्याला नवी जात म्हणून जाहीर केलं, तेही ह्याच चाळकेवाडीच्या पठारावरून. ह्याचं शास्त्रीय नाव 'सरडा सुपर्बा'. त्यातला पहिला शब्दच त्यांनी आपल्या मराठीतून उचललाय. तुम्ही तंबाखू मळता मळता थांबलात. "म्हंजी आमी म्हनत हुतो त्येच नाव दिलं? मग त्यांनी शोधलं काय?" तात्या, ह्याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.

त्या सरड्याचं रूप मात्र तुम्हीच मला दाखवलंत. मी छायाचित्रांत पाहिलं होतं, पण पाच नंबरच्या चक्कीखाली तुम्ही बोट केलंत तिथे दगडावर तो नर ताठ मानेने बसला होता, मातकट, दगडासारखाच. मग दुसरा नर दिसला तसा त्याने गळ्याखालचा पंखा उघडला. निळा, काळा आणि शेंदरी. उघड, मीट, उघड, मीट. उन्हाळा हा त्यांचा जोडीदार शोधायचा काळ. पाऊस लागेपर्यंत हा रुबाब चालतो.

मला बघायचं होतं ते एवढंच, की माणूस चालत जवळ आला तर सरडा किती अंतरावर असताना पळतो. ह्याच पठारावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांनी मोठं काम केलंय, २०१८ साली ते छापून आलं. चक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी फार कमी, जवळजवळ चौपटीने कमी. वरून झडप घालणारा कोणी नाही, म्हणून खाली सरडे जास्त. शिवाय ते निवांत. रक्तात ताणाचं संप्रेरक कमी, माणसाला जवळ येऊ देतात, गळ्याचे रंगसुद्धा फिकट. चक्की उभी राहते आभाळात आणि बदलतं ते जमिनीवरच्या सरड्याचं वागणं. हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती. मला त्यातलं एक लहानसं टोक माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, बस्स. चक्क्यांखाली काही सरडे, आणि चक्क्यांपासून लांब, तिसा आणि कापशी हे शिकारी पक्षी घिरट्या घालतात त्या बाजूचे काही.

तिसऱ्या दिवशी मी रडकुंडीला आले होते. पद्धत अशी की एकाच चालीने सरड्याकडे सरळ चालत जायचं, तो पळाला की पायाशी बाटलीचं बूच टाकायचं आणि तिथून तो बसला होता त्या दगडापर्यंत टेप लावायची. मी दबकत निघायचे आणि दहा पावलांवरून खंड्या मला ओलांडून धावत जायचा. सरडा गायब! असं दिवसभरात किती वेळा झालं. मी तुमच्याकडे तक्रार अशी केली नाही. पाणी प्यायला आले तेव्हा सहज बोलून गेले, की तात्या, कुत्र्यामुळे सरडे बिचकतात, आकडे चुकतात. तुम्ही "हां" म्हणालात आणि विषय बदललात. उसाला पाणी कधी सुटणार, असं काहीतरी.

चौथ्या दिवसापासून खंड्या दिसेना. मला वाटलं, असेल गावात, किंवा उन्हाला कंटाळला. खरं सांगू? मला बरंच वाटलं. मी त्याचा विचारही केला नाही.

कळलं ते सतराव्या दिवशी. टेपचा हूक निघाला म्हणून पक्कड मागायला मी वेळेच्या आधीच केबिनकडे आले. मागच्या बाजूने खरड खरड असा आवाज येत होता. वळून बघते तर खंड्या. केबिनच्या लोखंडी पायाला सुतळीच्या तीन पदरी दोरीने बांधलेला. पुढ्यात पाण्याचं घमेलं. पत्रा तापतो म्हणून दोन काठ्यांवर गोणपाट ओलं करून टाकलेलं, त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. आणि त्याच्याभोवती मुरमात अर्धा गोल उमटलेला. दोरी ताणून तो इकडून तिकडे फेऱ्या मारायचा, त्याच्या पायांनी घासून घासून मुरूम गुळगुळीत झाला होता, पाट्यासारखा. एवढा गोल एका दिवसात होत नाही. जमिनीवरच्या खुणा वाचायला आम्हाला शिकवतात तात्या, ती मला लगेच वाचता आली.

तुम्ही जरा ओशाळलात, चोरी पकडल्यासारखे. "तुमीच म्हनला न्हवं, सरडं बिचकत्यात. आकरा वाजूस्तवर बांदतो, मग सोडतो. त्येला काय हुतंय?"

त्याला काय होतं ते तो अर्धा गोल सांगत होता. आणि तुम्हाला काय होतं तेही मला तेव्हाच समजलं. सड्यावर दिवसभर तुमच्याशी बोलायला दुसरं असतं कोण? राखणीची फेरीसुद्धा त्याच्याशिवाय होत नव्हती. आणि ती फेरी तुम्ही माझ्या रांगेला, म्हणजे सरडे मोजत मी ज्या सरळ रेषेत चालायचे तिला, वळसा घालून मारत होता, हेही मला त्याच दिवशी दिसलं. मी न सांगता.

हे मी एवढं का धरून बसलेय, असं नातीला वाटेल. कुत्रंच तर बांधलं. पण बघा, माझा सगळा प्रकल्पच भीतीचा होता. चक्कीखाली वरून येणारी भीती नाही, तर सरडा किती धीट होतो? तिथे खंड्या धावत सुटला असता तर तोच चार पायांचा ससाणा झाला असता आणि मी जो फरक शोधत होते तो त्यानेच पुसला असता. पहिल्या तीन दिवसांची पानं मी बाद केली ती ह्यासाठीच. ज्याचं निरीक्षण करायचं त्याला आपल्याकडून धक्का लागू द्यायचा नाही, हा आमच्या शास्त्रातला पहिला धडा. तो तुम्ही ऐकला एकदा, तोही सहज बोलण्यातून, आणि पाळलात तीन आठवडे. ज्यांनी तो धडा मला फळ्यावर लिहून दिला ते म्हणत होते, आकडे इकडेतिकडे कर.

आणि तो प्रश्न! पक्कड देता देता तुम्ही विचारलंत, "काल मोजलेला सरडा आज परत मोजला तर? त्यो काय आपलं नाव सांगतोय व्हय?" मी हसले, आणि मग हसू मावळलं, कारण ते बरोबर होतं. तोच तोच सरडा पुन्हा मोजला तर दहा सरडे लिहिले तरी खरे चारच. पहिल्या आठवड्यात मी एकाच रांगेवर दोनदा चालले होते. त्या रात्री मी वही घेऊन बसले, दुबार चाललेल्या रांगा काढून टाकल्या, आणि उरलेल्या दिवसांत रोज नवी रांग धरली, आदल्या दिवशीच्या रांगेपासून चांगली शंभर पावलं सोडून. हा प्रश्न मला कोणत्या सेमिनारमध्ये कोणी विचारला नव्हता. तोंडी परीक्षेत मला विचारलं काय, तर पानांचे आकडे खाली मध्यभागी का नाहीत. मी वाट बघत होते, तात्या. कोणी तरी 'परत मोजला तर?' म्हणेल आणि मी ऐटीत उत्तर देईन. कोणी म्हणालं नाही.

शेवटी निघालं ते मोठ्या लोकांना निघालं होतं तेच. चक्क्यांखालचे सरडे मला फार जवळ येऊ द्यायचे, लांबचे आधीच दगडाखाली. नवीन काही नाही. पण माझे आकडे खरे आहेत. एकही इकडेतिकडे केलेला नाही.

काकूंना एक सांगायचं राहिलं. मी रोज तोच मातकट शर्ट घालून यायचे तो सरड्यांसाठी, कपड्याचा रंग रोज बदलला तर त्यांचं वागणं बदलू शकतं म्हणून. घरी चार चांगले ड्रेस आहेत माझे. काकूंना वाटलं पोरीकडे एकच कपडा, आणि त्यांनी तुमच्या हाती वर्तमानपत्रात गुंडाळून सुनेचा गुलाबी ड्रेस पाठवला, इस्त्री करून. तेव्हा मला काही बोलायला सुचलं नाही, नुसती मान हलवली. तोंडी परीक्षेला मी तो घातला होता. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, छान आहे, कुठून घेतला? मी म्हटलं, फील्डवरून.

आता एक गंमत. आभाराच्या पानावरून तुम्हाला काढलं, पण पद्धतीचं प्रकरण कोणी वाचलंच नाही. तिथे पान २३ वर खालून चौथी ओळ आहे. प्रबंध इंग्रजीत, म्हणून अर्थ सांगते : निरीक्षणाच्या वेळेत परिसरातील एक पाळीव कुत्रा बांधून ठेवण्यात आला होता. शास्त्रीय लिखाणात असंच लिहितात, बांधण्यात आला. कोणी बांधला ते येत नाही. तेव्हा खंड्या प्रबंधात आहे आणि तुम्ही त्या 'ण्यात आला'मध्ये आहात. नातीला ते पान काढून दाखवायला सांगा.

एक प्रत तुमच्यासाठी ठेवलीय. पाऊस उघडला की पहिल्या एसटीने घेऊन येते, बरोबर बिस्किटांचे दोन पुडे. ह्या वेळी मोजायचं काही नाही, तेव्हा अकराची वाट बघू नका. त्याला मोकळा सोडा.

तुमची,
सरडेवाली