इंजिन रेस घ्यायला लागलं, काका

मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही ‘ह्येची काय गरज?’ म्हणून सायकलला टांग मारली असती. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

मासेमारीच्या पावसाळी बंदीत, 1 जून ते 31 जुलै, आमच्या होडीचं 15 एचपीचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन पडवीत गोणपाटाखाली उभं होतं. नारळी पौर्णिमा झाली, होडी पाण्यात घातली. दोरी ओढली की सुरू व्हायचं, आयडलिंगही छान. हँडल पिळलं की मात्र दबायचं आणि घरघर करून बंद. ज्यांनी मालवणजवळ देवबागला कर्लीच्या खाडीचं तोंड पाहिलंय त्यांना सांगायला नको: नदीचं पाणी आणि समुद्राची लाट जिथे भिडते तिथे इंजिनाने रेस घेतली नाही, तर होडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. गावात सल्ले दोनच. अख्खा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) बदल, नाहीतर हे भंगारात घाल आणि फोर-स्ट्रोक घे. सल्ला देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही म्हणा.

तुम्ही आलात ते पाना न मागता. पहिला प्रश्न, ‘झिला, टाकीच्या झाकणावरचो हवेचो स्क्रू सोडलंस मां?’ सोडलेला होता. तो बंद राहिला तर टाकीत पोकळी धरते, पेट्रोल ओढलं जात नाही आणि लोक कार्बोरेटरला शिव्या घालत बसतात, हे तुम्ही तिथल्या तिथे सांगितलंत. मग इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये रेस देत, मला नळीवरचा रबरी बल्ब दाबायला लावलात. दाबल्यावर इंजिन सुधारलं तर दोष पेट्रोल पंपाच्या पडद्यात किंवा नळीत. काही फरक पडला नाही. मग चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोल वाढवणारी खुंटी, किंचित ओढलात आणि इंजिन चक्क उठलं! ‘म्हणजे ह्येका पेट्रोल कमी पडता,’ एवढंच बोललात आणि विडी शिलगावलीत. पेट्रोलच्या टाकीपासून दहा पावलं लांब जाऊन, हे विशेष.

कार्बोरेटरमधलं मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं, काढून उन्हाकडे धरलंत तेव्हा मला आरपार काहीच दिसलं नाही. आतून हिरवट चिकट थर. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा म्हणजे निम्मं पाणीच. उभ्या इंजिनात ते पेट्रोल सुकलं की हा असा चिकटा होतो. मी शर्टाच्या बटणाजवळची टाचणी पुढे केली तर तुम्ही हात बाजूला सारलात: ‘टाचणी घालू नको, भोक मोठा होतला.’ विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार सोलून काढलीत, जेट पेट्रोलमध्ये भिजवलंत, तार नुसती फिरवलीत, फुंकर मारलीत. पुन्हा उन्हाकडे धरलंत तेव्हा आत सुईच्या अग्राएवढा प्रकाश होता.

दुसरा कुणी इथे पैसे घेऊन उठला असता, कारण इंजिन आता दबत नव्हतं. पण पूर्ण पिळूनही वेग अर्ध्यावरच थांबत होता, आणि ते माझ्याआधी तुमच्या कानाला कळलं. इंजिन बंद करून सेफ्टीची दोरी काढून ठेवलीत, पाण्यातला पंखा हाताने थोडा फिरवत गिअर टाकायला लावलात. न्यूट्रलमध्ये हँडल मुद्दामच पूर्ण फिरत नाही, तो बिघाड नव्हे, हे मला तेव्हा कळलं. मग मी हँडल पूर्ण पिळलं आणि तुम्ही माझं बोट धरून कार्बोरेटरच्या लिव्हरवर ठेवलंत. हँडल संपलं तरी लिव्हर आपल्या टोकाला टेकत नव्हती, बोटभर नाही पण जाणवण्याइतकी फट उरत होती. केबल ताणलेली, आणि लिव्हरजवळचं प्लास्टिकचं बुश (सांध्यातली कडी) झिजून अंडाकृती झालेलं. त्यामुळे मॅग्नेटोची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागाची, प्लेट फिरून ठिणगी पुढे सरकत होती, पण कार्बोरेटर तिच्याबरोबर उघडत नव्हता. बुश तुमच्या पत्र्याच्या डब्यातून निघालं, कुठल्या मेलेल्या इंजिनाचं कोण जाणे. केबलचे नट फिरवून फट मिटवलीत, आणि हँडल सोडल्यावर लिव्हर पूर्ण मागे येते ना, तेही तपासलंत.

मला सगळ्यात जास्त मोल वाटतं ते याचं, की पाना बहुतेक वेळ माझ्या हातात होता. तुम्ही एकट्याने हे निम्म्या वेळात केलं असतं. काम संपवून इंजिन ठेवताना ‘पेट्रोलची नळी काढ आणि आपसूक बंद पडेपर्यंत चालव, कार्बोरेटर रिकामा होऊ दे’ हेही मलाच करायला लावलंत, पिंपातल्या पाण्यात उभं करून, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार येतेय ना बघत.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. बांगडे घेतलेत, तेही मोजून, काकूंना जास्त साफ करायला लागू नयेत म्हणून. जुनी केबल दांड्याच्या वळणाशी आतून गंजलीय, तुम्ही म्हणालात तशी नवीन मागवली आहे. ती आली की मी बसवतो, तुम्ही फक्त बघायला या.

आणि एक. शेजारच्या दादाच्या इंजिनाचं तसंच सुरू झालंय. मी त्याला बल्ब आणि चोक दोन्ही करून बघायला सांगितलं, पण त्याला माझ्यावर भरवसा नाही. तो रविवारी तुमच्याकडे येईल. रागावू नका.

तुमचा,
देवबागचा झिल