पाण्याच्या ठिपक्याशेजारी तारीखही हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आगीच्या ठिकाणाजवळचे पाणी अग्निशमन दलाला नकाशावर दाखवणाऱ्या ॲपबद्दलचा लेख आपल्या अंकात वाचला. मी अग्निशमन दलात पंप ऑपरेटर होतो, आता निवृत्त आहे. वर्तमानपत्रात फोटो येतो तो नोझल, म्हणजे पाण्याचा फवारा सोडणारे तोंड, धरलेल्या जवानाचा. गाडीपाशी उभा राहून त्या नोझलला पाणी पुरवतो तो पंप ऑपरेटर. म्हणून या विषयावर लिहिल्यावाचून राहवले नाही.

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या अनुभवात बंब बहुतेक वेळा रामेश्वरी वेळेत पोहोचायचा. सोमेश्वरी राहायचे ते पाणी.

बंब आला म्हणजे पाणी आले, असे लोकांना वाटते. ४५०० लिटरची टाकी असलेली गाडी घ्या. दोन होज, म्हणजे पाण्याचे लांब पाइप, चालू केले आणि प्रत्येकातून मिनिटाला ४५० लिटर पाणी गेले, तर पाचव्या मिनिटाला टाकी कोरडी. तेवढ्या वेळात दुसरे पाणी जोडले गेले नाही, तर आत शिरलेल्या जवानांच्या हातात रिकामा होज उरतो. आग लागल्याची वर्दी मिळाल्यापासून गाडीत बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात आगीइतकाच हा विचार असतो.

एका गोदामाची आग मी कधीच विसरणार नाही. रात्रीची वेळ होती. टाकीतले पाणी उतरत होते आणि टँकर अजून वाटेत होता. जमलेल्या लोकांनी सांगितले, "मागे विहीर आहे, भरपूर पाणी आहे." गाडी मागे नेली, पाणी ओढायचे सक्शन होज जोडले, टोकाला जाळी लावून विहिरीत सोडले, होजमधली हवा काढून टाकणारा प्रायमर चालू केला. इंजिनाचा आवाज चढला, व्हॅक्यूम गेजचा काटा सरकला आणि तिथेच अडकला. पाणी येईना. सांधे पुन्हा आवळले, पुन्हा प्रयत्न केला, तरी तेच. शेवटी टॉर्च मारून खाली पाहिले, तेव्हा कळले की पाणी फारच खोल गेले होते. विहिरीत पाणी भरपूर होते, पण आमच्या पंपाच्या आवाक्यात नव्हते.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात पाणी वर ढकलते ती हवा. समुद्रसपाटीला हवेच्या दाबाने पाणी हिशोबाप्रमाणे १०.३ मीटरपर्यंत चढू शकते. व्यवहारात ७ मीटरच्या आसपास गाडीचा पंप अडतो, उंचावरच्या प्रदेशात त्याच्याही आधी. कितीही दमदार इंजिन आणा, यात फरक पडत नाही.

त्या रात्री गोदाम वाचले नाही. आठवडाभराने समजले की शेजारच्या आवारात, भिंतीच्या पलीकडे, जमिनीखाली काठोकाठ भरलेली टाकी होती. आम्ही तिच्याकडे पाठ करून उभे होतो. पूर्वी प्रत्येक जुन्या ड्रायव्हरकडे अशा जागांची एक वही असायची. कुठल्या गल्लीत हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी घेण्यासाठी जलवाहिनीवर बसवलेला नळ, कोणत्या फाटकातून गाडी आत जाते, किल्ली कोणाकडे, सगळे त्यात. माणूस निवृत्त झाला की वही त्याच्याबरोबर घरी जायची. हे ॲप म्हणजे तीच वही, आता सगळ्यांच्या हातात आलेली. म्हणून मला त्याचे मोल फार वाटते.

ही माहिती खुणांनी सांगण्याची पद्धत जुनी आहे. ब्रिटनमध्ये हायड्रंटजवळ पिवळ्या पाटीवर काळा 'एच' असतो. त्यातला वरचा आकडा जलवाहिनीचा व्यास सांगतो, खालचा पाटीपासून हायड्रंटचे अंतर. सॅन फ्रान्सिस्कोत १९०६च्या भूकंपात जलवाहिन्या फुटल्या आणि शहर जळत राहिले. त्या शहरात रस्त्यांखाली पाण्याच्या टाक्या आहेत आणि त्यांची जागा रस्त्यावर विटांच्या वर्तुळाने दाखवलेली असते. ते वर्तुळ धुरात दिसते, अंधारात टॉर्च मारला की दिसते, त्याला नेटवर्क लागत नाही. ॲप आले तरी अशा पाट्या आणि खुणा पुसू नयेत, ही माझी पहिली विनंती.

आता ॲपबद्दल. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात कोणीही हायड्रंटची नोंद करू शकतो. नुसती जागाच नव्हे, तर व्यास, प्रकार, जोडणी आणि पाहणीची तारीखही तिथे लिहिण्याची सोय आहे. पण लोक उत्साहाने ठिपका टाकतात आणि बाकीचे रकाने मोकळे सोडतात. ठिपका पाहून मी गाडी वळवीन, पुढचे काम त्या मोकळ्या रकान्यांवर अवलंबून आहे. पाण्याची पातळी कडक उन्हाळ्यात किती खाली जाते? काठापर्यंतची जमीन भरलेल्या गाडीचे वजन पेलेल का? कित्येक टन वजनाची गाडी ओल्या मातीत रुतली की पाणीही गेले आणि गाडीही गेली. तळे सरळ रेषेत ८० मीटरवर दिसते, पण मध्ये कुंपण असेल तर होज तिप्पट लांबीचा टाकावा लागतो आणि प्रत्येक तुकड्यागणिक दाब घटतो.

जोडणीचेही तसेच. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराला मोठी आग लागली. मदतीला इतर शहरांतून गाड्या धावून आल्या, पण त्यांच्यापैकी अनेकांचे होज तिथल्या हायड्रंटला बसेनात. पाणी समोर, माणसे समोर आणि आटे जुळत नाहीत. त्या आगीत १५००हून अधिक इमारती गेल्या. बाहेरगावच्या गाड्या मदतीला येतात तेव्हा ॲपचा उपयोग सर्वांत जास्त असतो, कारण त्यांना परिसराची काहीच माहिती नसते. म्हणून जोडणीचा प्रकार आणि आकार हा रकाना सक्तीचा असावा.

मोबाईलचे जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साधारण पाच मीटर इकडेतिकडे दाखवते, उंच इमारतींमध्ये आणखी जास्त. हायड्रंटचे झाकण पालापाचोळ्याखाली गेले असेल तर पाच मीटरच्या वर्तुळात ते शोधताना जीव मेटाकुटीला येतो. नोंदीसोबत एक फोटो आणि 'दिव्याच्या खांबापासून चार पावले' अशी एक ओळ असावी.

सर्वांत महत्त्वाचा रकाना शेवटच्या तपासणीच्या तारखेचा. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागात वणवा पसरला, तेव्हा उंचावरच्या अनेक हायड्रंटमधले पाणी संपले. त्याच भागातला सुमारे ४४ कोटी लिटर क्षमतेचा सांता इनेझ जलाशय आच्छादनाच्या दुरुस्तीसाठी रिकामा केलेला होता. तो भरलेला असता तर कितपत फरक पडला असता, हा वाद वेगळा. पण रिकामा जलाशय नकाशावर निळाच दिसतो. जुन्या तारखेचा ठिपका मला कोऱ्या नकाशापेक्षाही धोक्याचा वाटतो, कारण कोऱ्या नकाशावर विसंबून कोणी टँकर मागवायचे थांबत नाही. ठरावीक महिने तपासणी झाली नाही की ठिपक्याचा रंग आपोआप फिका पडावा, एवढी सोय ॲप बनवणाऱ्यांनी जरूर करावी. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवता आलाच पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

अशी माहिती उघड केली तर गैरवापर होईल, असा आक्षेप काही जण घेतात. मला तो पटत नाही. हायड्रंट रस्त्यावर उभा असतो, तळे सगळे गाव पाहते. खासगी टाक्यांच्या किल्ल्या आणि मालकांचे फोन क्रमांक तेवढे फक्त दलापुरते ठेवावेत.

ही माहिती भरायची कोणी, तर माझ्यासारख्यांनी. निवृत्त जवान, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, नकाशाची आवड असलेली मुले. मात्र हायड्रंट उघडून पाहण्याचे काम दलाच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या माणसांनीच करावे. उत्साहाच्या भरात झडप झटकन बंद केली तर पाण्याच्या धक्क्याने जलवाहिनी फुटू शकते. इतरांनी जागा, फोटो, वाट आणि अडथळे नोंदवावेत.

माझी वही अजून कपाटात आहे. तिच्यात बत्तीस जागा आहेत, पण त्या जुन्या आहेत, म्हणून तशाच्या तशा ॲपवर चढवणार नाही. गेल्या रविवारपासून मोजपट्टी आणि दोरीला बांधलेले वजन घेऊन एकेक जागा पाहायला सुरुवात केली आहे. पहिल्या पाचांपैकी दोन विहिरी बुजवलेल्या निघाल्या आणि एका टाकीच्या झाकणावर भिंत उभी आहे. उरलेल्या दोन ठिकाणचे पाणी मोजून तारखेसह नोंदवले आहे.

आपला,
एक निवृत्त पंप ऑपरेटर