अमेरिकेतील घटनापरिषदेची मागणी धोक्याची

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या वाढत्या राष्ट्रीय कर्जाला आणि केंद्र सरकारच्या विस्तारत्या अधिकारांना आळा घालण्यासाठी घटनापरिषद, म्हणजे घटनादुरुस्ती सुचवणारी खास परिषद, बोलवावी, असे ठराव तिथल्या अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी केले आहेत. कर्ज काढणारी संसद स्वतःवर आपणहून बंधन घालून घेणार नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. तरीही त्यांनी निवडलेला मार्ग मला अत्यंत धोक्याचा वाटतो.

अमेरिकी संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदात दुरुस्ती सुचवण्याचे दोन मार्ग आहेत. काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतांनी दुरुस्ती सुचवू शकते, किंवा दोनतृतीयांश, म्हणजे आज ३४, राज्यांनी मागणी केल्यास तिला परिषद बोलवावी लागते. कोणत्याही मार्गाने आलेल्या दुरुस्तीला तीनचतुर्थांश, म्हणजे ३८, राज्यांची मान्यता लागते. आजवरच्या सर्व २७ दुरुस्त्या पहिल्या मार्गाने आल्या असून दुसरा मार्ग एकदाही वापरला गेलेला नाही. परिषदेचे प्रतिनिधी कोणी निवडायचे, मतदान राज्यागणिक की लोकसंख्येच्या प्रमाणात, ठरलेल्या विषयाबाहेर जाण्याची तिला मुभा आहे की नाही, याबद्दल संविधानात एक अक्षरही नाही. राज्यागणिक एक मत ठरले, तर सहा लाखांहूनही कमी वस्तीचे वायोमिंग आणि जवळपास चार कोटींचे कॅलिफोर्निया एकाच वजनाचे ठरतील.

परिषदेला विषयाची मर्यादा घालून देता येईल, असे समर्थक सांगतात. १७८७ साली फिलाडेल्फियात भरलेल्या परिषदेलाही केवळ ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ ही तत्कालीन घटना सुधारण्याचेच काम दिले होते. तिने ते बाजूला सारून नवे संविधान लिहिले आणि ज्या बदलाला सर्व १३ राज्यांची संमती आवश्यक होती, तिथे ९ राज्यांची मान्यता पुरे, असा नियमही स्वतःच घातला. त्यातून निघालेले संविधान थोर ठरले, हे निर्विवाद. पण परिषद आपल्या मर्यादेत राहील याची हमी त्या इतिहासातून मिळत नाही, आणि ३८ राज्यांची अट हेच शेवटचे संरक्षण मानणाऱ्यांनी तर हा प्रसंग विशेष लक्षात घ्यावा. आपल्याकडे १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने घटनेच्या मूलभूत चौकटीला जे न्यायालयीन संरक्षण दिले, तसे अमेरिकेत नाही. भाषणस्वातंत्र्य असो वा चौदाव्या दुरुस्तीने दिलेले जन्मसिद्ध नागरिकत्व (तिथे स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे), मर्यादा न मानणाऱ्या परिषदेपुढे काहीही येऊ शकेल.

हा आक्षेप केवळ एका पक्षाचा नाही. सर्वोच्च न्यायालयातील पुराणमतवादी न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनीही २०१४ मध्ये अशी परिषद आपल्याला नको, तिच्यातून काय बाहेर पडेल कोण जाणे, अशा आशयाचे मत व्यक्त केले होते. केंद्र सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त नसावा, या समतोल अंदाजपत्रकाच्या दुरुस्तीसाठी परिषद बोलवण्याच्या मागणीला १९८३ पर्यंत ३२ राज्यांचा पाठिंबा मिळाला होता. पुढे त्यांतील अनेकांनी आपले ठराव मागे घेतले.

राज्यांच्या दबावाचा उपयोग होत नाही, असे मात्र नाही. सिनेटर थेट जनतेने निवडावेत ही मागणी दोनतृतीयांश राज्यांच्या जवळ पोहोचली, तेव्हा काँग्रेसने १९१२ मध्ये स्वतःच सतरावी दुरुस्ती सुचवली आणि पुढच्याच वर्षी ती मान्य झाली. आजही कर्जाच्या प्रश्नावर तोच रस्ता धरता येईल. परंतु जुने ठराव किती काळ ग्राह्य धरायचे, वेगवेगळ्या विषयांवरचे ठराव एकत्र मोजायचे का, मागे घेतलेल्या ठरावाचे काय, हे कोणत्याही कायद्याने ठरलेले नसताना ३४ चा आकडा गाठण्याची घाई करणे बेजबाबदारपणाचे आहे. परिषदेची कार्यपद्धती ठरवणारे विधेयक सिनेटने १९७१ मध्ये संमत केले होते. प्रतिनिधिगृहात ते अडले. राज्यांनी परिषदेचा आग्रह धरण्याआधी निदान असा कायदा करून घेण्याचा आग्रह धरावा.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे